झोपेत दिलेला होकार

धोम धरणाच्या कालव्याचं पाणी कुठल्या गावाला कधी सोडायचं, किती वेळ वाहू द्यायचं आणि कुठलं दार केव्हा पाडायचं, हे ऋजुता आपटे वाईतल्या आपल्या घरी, पडद्यासमोर बसून ठरवत असे. खोऱ्यातल्या उसाच्या, हळदीच्या, भाजीपाल्याच्या पाळ्या तिला तोंडपाठ होत्या. कुणाच्या शेताला पाणी कमी पडलं असं तिच्या हातून सहसा होत नसे. स्वतःच्या दिवसाची पाळी लावताना मात्र तिची रोज दमछाक व्हायची.

घरात माणसं दोनच. तिचा नवरा निनाद खोल समुद्रातल्या पवनचक्क्यांवर नोकरीला, दोन-दोन महिन्यांनी घरी यायचा. लेक शिकायला बंगळुरूला. राहिल्या ऋजुता आणि तिच्या सासूबाई, शैलजाताई. शैलजाताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, अंगानं किडकिडीत, बोलायला सडेतोड. देवाधर्माच्या बाबतीत त्यांचा कधी कुणाला जाच नव्हता, पण एका गोष्टीत त्या ढिम्म हलत नसत. चातुर्मासात नैवेद्य झाला की पान वाढण्याआधी त्या कहाणी सांगत आणि सुनेनं समोर बसून, मुठीत अक्षता धरून ती ऐकायची. ऐकायची म्हणजे नुसतं बसायचं नाही. वाक्य संपलं की 'हं' म्हणायचं. त्या हुंकाराशिवाय कहाणी पुढे सरकत नाही. संपली की अक्षता देवाला वाहायच्या आणि मग जेवायचं.

ऋजुतालाही या नेमाची गोडी होती. लग्न होऊन आली त्या वर्षीपासून ती चातुर्मासात देवापुढे गोपद्मं काढत आली होती. रांगोळीची ती गाईची पावलं उमटली की घर जागं झाल्यासारखं तिला वाटे. पण यंदा मुख्य नियंत्रकाच्या जागेसाठी विभागीय परीक्षा होती. अभ्यासाला रोज दोन-तीन तास हवे होते, आणि ते कुठून काढायचे हे तिला सुचत नव्हतं.

आषाढात एक दिवस ती भीत भीत म्हणाली, "आई, यंदा तुमच्या कहाण्या रेकॉर्ड करून ठेवल्या तर? मी काम करता करता ऐकेन."

"आणि हं कोण म्हणणार? मिक्सर?"

"तसं नाही हो..."

"अगं, कहाणी भिंतीला सांगता येत नाही. समोर माणूस लागतं. नसेल जमत तर नको ऐकूस, मी रागावणार नाही. यंदा सोडू या."

सोडू या म्हणाल्या, पण वाटीतल्या अक्षता परत डब्यात ओतताना त्यांचा हात रेंगाळला. ते ऋजुताच्या जिवाला लागलं. त्याच आठवड्यात ती साताऱ्याला डॉक्टर वरदा तांबट यांच्याकडे गेली. झोपेच्या विकारांवर काम करणाऱ्या या बाई आता धडधाकट माणसांनाही 'विसावा' नावाची पट्टी लावून देत होत्या.

"भाकरी थापताना तुम्ही विचार करता का, आता तळहात किती दाबायचा म्हणून?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"पहिल्यांदा थापलीत तेव्हा करत होतात. तेव्हा मेंदूचा हा बाहेरचा, सुरकुत्यांचा थर राबत होता. काम मुरलं की ते आत खोल, सवयी सांभाळणाऱ्या केंद्रांकडे जातं, थोडं मागच्या लहान मेंदूकडे जातं. बाहेरचा थर मग नुसता पहाऱ्याला बसलेला असतो. त्या पहारेकऱ्याला आम्ही झोपू देतो, एवढंच."

डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवून पोहत राहतो. समुद्रावरून दिवसचे दिवस उडणारे पक्षी पंख पसरूनच झोप काढतात. माणसाच्या जाग्या मेंदूतले दमलेले कोपरेही अधूनमधून क्षणभर डुलकी घेतात, हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. विसावा पट्टी ती डुलकी लांबवत असे. कानामागे चिकटवलेल्या पट्टीतून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी नेमक्या जागी पोचत आणि बाहेरचा थर निजे. आतली केंद्रं मुरलेलं काम बिनबोभाट करत राहत. डोळे उघडे, हात चालते, ठरलेले शब्दही तोंडातून बिनचूक येतात. झोप अशी दिवसाच वसूल झाली की रात्री थोडी पुरते आणि सगळी पहाट हाताशी राहते.

"आणि मध्येच काही झालं तर?"

"गॅसजवळ, जिन्यात, रस्त्यावर पट्टी चालतच नाही. कुणी नाव घेऊन हाक मारली, आवाज चढला, बोलण्याची चाल बदलली, जळका वास आला, की लगेच जाग."

"त्या वेळात काय झालं ते आठवतं का नंतर?"

"नाही. आठवण साठवणारी यंत्रणाच झोपलेली असते. पण भांडी घासल्याचं आठवून तुम्हाला काय करायचंय?"

ऋजुता हसली.

पट्टीनं पहिले काही दिवस नुसती पाहणी केली. कुठली कामं पुरती मुरली आहेत ते तिनं फोनवर दाखवलं. भांडी, केर, कपड्यांच्या घड्या ही खाली होती. सगळ्यांत वर होती पूजा, मग गोपद्मं, मग कहाणी. ते वाचून ऋजुता जराशी चपापली. मग तिनं मनाची समजूत घातली की देवाचं काम आपल्या हातात इतकं भिनलंय, ही चांगलीच गोष्ट आहे. नेम मोडायचा नाही आणि अभ्यासही सोडायचा नाही, तर दुसरा रस्ता कुठला? तिनं देवाला नमस्कार केला आणि तिन्ही कामांना होकार दिला.

आईंनाही तिनं सांगितलं, अर्धवट सांगितलं. "जरा डोक्याला आराम देणारी पट्टी आहे," म्हणाली. शैलजाताईंनी चष्मा वर करून तिच्या कानामागे पाहिलं आणि "बरी दिसते," एवढंच बोलल्या.

श्रावण असा गेला की ऋजुतालाच खरं वाटेना. पहाटे शुचिर्भूत होऊन ती देवापुढे बसायची, आणि डोळ्यांवरून वाऱ्याची झुळूक गेल्यासारखं वाटून पाहते तो पूजा झालेली, गोपद्मं आखीव उमटलेली, डोकं तरतरीत. दुपारी आईंसमोर बसायची, मुठीत अक्षता घ्यायची, आणि पुढच्याच क्षणी मूठ रिकामी, अक्षता देवावर, आई पान वाढतायत. जेवणाला दुप्पट चव यायची. अभ्यास भराभर पुढे सरकत होता. निनाद फोनवर म्हणाला, "आवाज कसला टवटवीत झालाय तुझा. मला पण घेऊन ठेव ती पट्टी."

"तुझं कुठलं काम मुरलंय?" ती म्हणाली. "चहाचा कप सिंकमध्ये ठेवणं अजून शिकतोयस."

भाद्रपद लागला. परीक्षा दहा-बारा दिवसांवर आलेली असताना देवरुखहून सुमतीकाकूंचा फोन आला. सुमतीकाकू म्हणजे शैलजाताईंची धाकटी जाऊ, एकटी राहणारी, तोंडानं फटकळ.

"काय गं, पुढच्या सोमवारी तू येतेयस सोडायला, की मी इथून गाडी पाठवू?"

"कुणाला सोडायला, काकू?"

"घ्या. तुझ्या सासूला. खोली रंगवून घेतली मी. तिला तो फिका हिरवा आवडतो ना, तोच दिलाय. आता ऐनवेळी नाही म्हणू नकोस हां."

"आई तुमच्याकडे येतायत? किती दिवस?"

"अगं, राहायलाच येतेय. तुला विचारूनच ठरवलं म्हणाली. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा हं म्हणाली ऋजुता, असं सांगितलं मला तिनं."

ऋजुतानं फोन ठेवला. स्वयंपाकघरातून आईंचा चिरण्याचा आवाज येत होता, एकसारखा, संथ. ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच मागे फिरली. काय विचारणार होती ती? मी कधी हो म्हणाले, असं विचारणं म्हणजे मी तिथं नव्हतेच, असं सांगणं.

तिनं डॉक्टर तांबट यांना फोन लावला. "झोपेत ऐकलेलं परत मिळवता येतं का हो? कसंही?"

"नाही. ते लिहिलंच गेलेलं नसतं, मग वाचणार कुठून?"

"पण बोलण्याची चाल बदलली की जाग येते म्हणाला होतात. माझ्याशी कुणीतरी महत्त्वाचं बोललं आणि मला जाग आली नाही."

डॉक्टरांनी तिच्या पट्टीची नोंद पाहिली. "इथे तर कुठे चढउतार नाही. जे काही बोलले असतील, ते रोजच्याच लयीत बोलले. रोजच्याच सुरात. जणू तुम्हाला उठवायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ऋजुता पट्टी न लावताच आईंसमोर बसली. केस कानावर ओढून घेतले होते. मुठीत अक्षता घेतल्या. शैलजाताईंनी समई सारखी केली, डोळे मिटले आणि कहाणी सुरू केली. चाल तीच, लहानपणी झोप आणणारी, शेवटाला किंचित खाली उतरणारी.

"राणी उठली, न्हाली, धुतलं नेसली."

"हं."

"दारात रिक्षा आली. राणी बँकेत गेली."

ऋजुतानं मूठ घट्ट आवळली. "हं," ती म्हणाली.

"बँकेतला मुलगा म्हणाला, आजी, इथे अंगठा लावा. राणी म्हणाली, बाळा, मला सही येते, तुझ्या साहेबाला शिकवली मी."

"हं." एरवी ती खदखदून हसली असती.

"राणीनं पेन्शन देवरुखच्या शाखेत वळवली. घरी आली. कपाट आवरलं."

"हं."

"कपाटात राजाचा चष्मा होता. राजा वारला तेव्हा सगळं वाटलं, चष्मा ठेवला. राणी कधीकधी तो लावून बसते. दिसत काहीच नाही. नुसतं धुरकट. पण नाकावर त्याचं वजन कळतं."

ऋजुताच्या तोंडून हुंकार आला नाही. मुठीतल्या अक्षता घामानं चिकटल्या होत्या. समईची वात थरथरली आणि स्थिर झाली. शैलजाताईंनी डोळे उघडले. सुनेकडे पाहिलं, तिच्या कानाकडे पाहिलं.

"आज जागी आहेस वाटतं," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

"कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. तुझं हं फार वेळेवर यायला लागलं. आधी उशीर व्हायचा, मध्ये कढीचं विचारायचीस. मी म्हटलं बघू या, म्हणून राणीकडून कुकरच्या शिट्ट्या मोजून घेतल्या. तू हं. राजाला डास चावला. तू हं. मग कळलं."

"मग मला हाक का नाही मारलीत? पट्टी काढ, असं सांगायचं."

"सांगितलं असतं तर काढली असतीस. परीक्षा बुडाली असती. तू काही बोलली नसतीस, आणि ते न बोललेलं मी जन्मभर ऐकलं असतं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि खरं सांगू? मला ते सोपं पडायला लागलं. तू समोर बसलेली, डोळे उघडे, हं म्हणतेयस. काय वाटेल ते बोलावं. कुणाची दया नाही, कुणाचा सल्ला नाही. तुझे सासरे गेल्यापासून मी इतकं कुणाशी बोलले नव्हते."

"काय काय बोललात?"

"बोलले बरंच. श्रावणभर बोलले."

"मला परत सांगा. आता सांगा. मी सगळं ऐकते."

शैलजाताईंनी मान हलवली. त्यात राग नव्हता. "ते सांगून झालं गं. आता तेच पुन्हा सांगायला बसले तर ते पाठांतर होईल."

ऋजुताचे डोळे भरून आले. तिनं विचारलं, "आई, माझा नेम मोडला का? इतक्या दिवसांची पूजा, गोपद्मं..."

"देवाचं मला काय विचारतेस? त्याच्यापुढे निम्मं गाव पेंगतच बसतं, त्याला सवय असेल. मला नव्हती." त्या उठल्या, ताट घेतलं. "एक दिवस विचारलं तुला, मी देवरुखला जाऊ का? हं म्हणालीस. मला माहीत होतं तू झोपलेली आहेस. तरी दुसऱ्या दिवशी परत विचारलं, तिसऱ्या दिवशी परत. वाटायचं, निदान एवढ्याला तरी उठेल. नाही उठलीस. सुमती दिवसभर कचाकचा भांडते, पण भांडायला जागं राहावं लागतं."

"मी आता जागेपणी सांगते. जाऊ नका."

"ऐकलं."

"मग?"

"मग काय. तिनं खोली रंगवलीय, मी शब्द दिलाय. झोपेतल्या होकारावर मी खुशाल ठरवलं, ही माझी चूक. पण आता कार्तिकीपर्यंत तरी जाईन. पुढचं तेव्हा बघू."

ऋजुतानं चिकटलेल्या अक्षता देवावर वाहिल्या. मग दोघी जेवल्या. संध्याकाळी तिनं पट्टी खोक्यात घालून साताऱ्याला परत पाठवून दिली. त्यानंतर पहाटे डोळे उघडेनात, अभ्यासाचे तास आटले. गोपद्मं काढताना एक पाऊल वाकडं आलं, ते पुसून तिनं पुन्हा काढलं. परीक्षेतलं निम्मं आपल्याला येणार नाही, हे तिला आता स्वच्छ दिसत होतं.

सोमवार उजाडला. परीक्षा बुधवारी होती. सुमतीकाकूंनी पुन्हा विचारलं, गाडी पाठवू का? ऋजुता म्हणाली, मीच येते. आईंचं सामान म्हणजे एक बॅग, देवाची पितळी पेटी आणि हातातली पिशवी. आजकालच्या गाड्या रस्ता सांगितला की आपसूक जातात, आत बसलेली माणसं झोपतात, नाहीतर काम करतात. ऋजुतानं कागद, पडदा, काही बरोबर घेतलं नाही.

सातारा गेला. कऱ्हाडला चहा झाला. पाटण मागे पडलं, डोंगर जवळ आले, कुंभार्ली घाटाचं पहिलं वळण आलं तेव्हा शैलजाताई बाहेर बघत म्हणाल्या, "तुझा तो पट्टीचा प्रकार मला नवा नव्हता. आम्ही ट्रंक एक्स्चेंजला, लांबचे फोन जोडून द्यायला बसायचो तेव्हा हेच. कानात माणसं बोलतायत, हात वायरी लावतायत. ऐकायचं नाही असा नियमच होता. महिन्याभरात कान मरायचे."

"हं," ऋजुता म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "म्हणजे बोलणं कानावर पडायचं, पण कळायचं नाही?"

"तेच. पण मेणवलीच्या एक बाई होत्या. मुलगा मस्कतला. दर महिन्याला कॉल बुक करायच्या, तासन् तास वाट बघायच्या. आणि लागला की दोघंही गप्प. जेवलास का? हो. बरं. मग नुसती खरखर. दर तीन मिनिटांनी आम्ही मध्ये बोलायचं, तीन मिनिटं झाली म्हणून. मी एकदा बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. म्हटलं, ही दोघं गप्प बसलीयत, पण बसलीयत बरोबर. यांना मी काय सांगू, वेळ झाली म्हणून?"

"मग तोडला नाहीत?"

"नाही तोडला. पकडली गेले असते तर नोकरी गेली असती. तेव्हा निनाद पोटात होता. पण त्यांचा कॉल आला की मी कान उघडे ठेवायची. त्यांच्याबरोबर मीही गप्प बसायची. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या सासऱ्यांनाही नाही."

"श्रावणातही नाही?"

"नाही," शैलजाताई म्हणाल्या. "हे राहिलं होतं."

घाट उतरला, हवा दमट झाली. चिपळूण गेलं, संगमेश्वर गेलं. आई बोलत होत्या, ऋजुता मध्ये मध्ये विचारत होती. दोनदा तिनं चुकीच्या जागी विचारलं आणि आई वैतागल्या. देवरुखला सुमतीकाकू दारातच उभ्या होत्या. "आलीस का महाराणी?" म्हणाल्या, आणि बॅग कुणी उचलायची यावरून दोघी जावा तिथंच भांडायला लागल्या. खोली खरंच फिक्या हिरव्या रंगाची होती.

निघताना ऋजुता वाकून नमस्कार करायला गेली. आईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "फोनवर चौकशी करत बसू नकोस. यायचं असेल तेव्हा ये. दिवस मोडून ये."

"रविवारी येते."

"बघ बाई. एवढा लांबचा रस्ता."

परतीच्या वाटेला गाडीनं नेहमीप्रमाणे विचारलं, प्रवास लांबचा आहे, आसन मागे करून दिवे मंद करू का? ऋजुता नको म्हणाली. घाटात ढग उतरले होते. परवाच्या परीक्षेचा विचार एकदा मनात आला आणि गेला. मग ती सरळ बसली आणि आईंनी सांगितलेलं सगळं पहिल्यापासून आठवू लागली. मेणवलीच्या बाई, मस्कत, खरखर, जेवलास का, हो, बरं. एकेक गोष्ट जागेवर येत होती. मध्येच ती अडली. त्या बाईंचा मुलगा पुढे परत आला का? हे आईंनी सांगितलं होतं की सांगायचं राहिलं? तिनं पुन्हा सुरुवातीपासून आठवून पाहिलं. नाही, सांगितलं नव्हतं. आणि आपणही विचारलं नव्हतं.

ते विचारायला रविवारी जायला हवं.